पत्ता कट झालेला सद्गुण: टॅरोबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी टॅरोवर, म्हणजे ज्या चित्रांच्या कार्डांवरून लोक भविष्य सांगतात त्यांवर, एक छोटंसं टिपण लिहिलं होतं, त्यात म्हटलं होतं की ही कार्डं उद्या काय होणार यापेक्षा आज कसं वागावं याबद्दल जास्त बोलतात. त्यावर इतकी पत्रं आली की निम्मी बाजूला ठेवावी लागली. काही चिडलेली, काही घाबरलेली आणि बरीचशी "माझंही एक कार्ड काढा ना" छापाची. तर आधीच सांगते, मी कुणाचं कार्ड काढत नाही, भविष्य सांगत नाही, मला ते येतही नाही. मला या चित्रांचं वेड आहे एवढंच, गेली कित्येक वर्षं एकच डेक (म्हणजे कार्डांचा संच) पिसून पिसून त्याच्या कडा मऊ पडल्यात. प्रश्न थोडे कापून छापलेत, नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मैत्रिणीच्या घरी गंमत म्हणून एक कार्ड काढलं आणि नेमकं डेथ आलं. माझे वडील आजारी आहेत. मैत्रीण म्हणाली अगं याचा अर्थ तसा नसतो, पण मग कसा असतो ते तिलाही सांगता आलं नाही. तेव्हापासून रात्री फोन वाजला की छातीत धस्स होतं. खरं काय ते सांगा.

आधी एक साधा हिशोब. डेकमध्ये 78 कार्डं असतात, म्हणजे एक कार्ड काढलं तर सरासरी 78 वेळांत एकदा डेथ येणारच, तीन काढली तर 26 वेळांत एकदा. जगभरात रोज इतकी माणसं कार्डं काढतात, त्या प्रत्येकाच्या घरी काही झालं असतं तर टॅरो विकायला कुणी उरलंच नसतं. कार्डाला तुमचे वडील माहीत नाहीत. त्यांच्या तब्येतीचं जे विचारायचं ते डॉक्टरांना विचारा, त्यांचे रिपोर्ट त्यांच्याकडे आहेत.

आता चित्राकडे बघा, घाबरून उलटं ठेवलं असेल तर सरळ करा. आज सगळीकडे दिसतो तो डेक 1909 साली लंडनमध्ये निघाला, ए. ई. वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ या बाईंची चित्रं. त्यात चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून येतोय, हातात काळं निशाण, निशाणावर पांढरं फूल. समोर चार माणसं आहेत आणि माझ्या मते सगळं कार्ड त्या चौघांत आहे. राजा मरून पडलाय, मुकुट बाजूला घरंगळलाय. धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एक तरुण मुलगी गुडघ्यावर बसलीय पण तिने तोंड फिरवलंय. आणि एक लहान मूल आहे, ते मात्र मान वर करून सरळ त्या घोडेस्वाराकडे बघतंय. मागे लांब दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे.

हल्ली या कार्डाचा अर्थ "बदल, नवी सुरुवात" असा गोड करून सांगतात. मला ते पटत नाही, ते म्हणजे कडू औषधाला साखर लावणं झालं. हे कार्ड मरणाबद्दलच आहे, फक्त ते कुणाच्या मरणाची तारीख सांगत नाही. जुन्या मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये तर या तेराव्या कार्डावर नावच छापत नाहीत, बाकी सगळ्या मोठ्या कार्डांवर (78 पैकी बावीस खास चित्रांच्या कार्डांना मोठी म्हणतात) असतं, म्हणजे ही धडकी तुमच्या एकटीची नाही, शेकडो वर्षांची आहे. ते एवढंच विचारतं की जे आपल्या हातात नाही त्याच्याकडे तुम्ही कसं बघता, राजासारखं, हात जोडून, तोंड फिरवून, की त्या पोरासारखं. फोन वाजला की धस्स होणारी तुम्ही सध्या त्या तोंड फिरवलेल्या मुलीच्या जागी आहात. वडिलांजवळ जाऊन बसा, त्यांना काय बोलायचंय ते बोलू द्या, तुमचं राहिलेलं तुम्ही बोला. ते बरे झाले तरी हे बोलणं काही वाया जाणार नाही.

प्रश्न: मी टॅरोचा क्लास करतेय. आमच्या मॅडम म्हणतात ही प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांची गुप्त विद्या आहे. नवरा म्हणतो सगळ्या थापा आहेत. आमची पैज लागलीय, तुम्ही निकाल द्या.

नवरोबा जिंकले, पण अर्धेच.

टॅरो म्हणजे मुळात खेळायचे पत्ते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत नेहमीच्या चार रंगांच्या जोडीला (बदाम इस्पिक नव्हे, तिथे पेले, तलवारी, नाणी आणि काठ्या) आणखी चित्रांची पानं घातली गेली, आणि ती होती कायमची हुकमाची पानं. इटालियनमध्ये त्यांना त्रिओन्फी म्हणायचे, इंग्रजीतला ट्रम्प हा शब्द तिथूनच आलाय. 1440 मधल्या फ्लॉरेन्सच्या एका नोंदीत हे पत्ते सापडतात. मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा घराण्यासाठी सोनेरी वर्ख लावून हाताने रंगवलेले पत्ते तर आजही जपून ठेवलेत, बरेचसे शाबूत आहेत, हरवलेल्यांमधे डेव्हिल आणि टॉवर आहेत (आता यावर कुणी भयकथा रचू नका, हरवले म्हणजे हरवले). पुढची तीनेकशे वर्षं लोक यावर मजेत डाव खेळत होते.

इजिप्तची गोष्ट आली 1781 मधे. कूर द जेबलाँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने लिहून टाकलं की हा इजिप्तच्या ज्ञानाचा उरलेला ग्रंथ आहे. गंमत अशी की इजिप्तची चित्रलिपी शाँपोलियों या फ्रेंच अभ्यासकाने उलगडली 1822 मधे, म्हणजे हा माणूस बोलत होता तेव्हा ती लिपी वाचू शकणारं एकही माणूस नव्हतं, मग काय, काहीही सांगा. त्याच्या मागोमाग अलिएत नावाच्या एका गृहस्थांनी आपलं आडनाव उलटं लिहून एत्तेला असं भारदस्त नाव घेतलं आणि टॅरोवरून भविष्य कसं सांगायचं याचं पुस्तक काढलं. तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 मधे हा सगळा इतिहास नीट मांडला, तरी क्लासमधे इजिप्तच चालतं कारण ते विकलं जातं. फ्रान्समधे आजही टॅरो हा पत्त्यांचा डाव म्हणून खेळतात बरं का.

अर्धेच का जिंकले ते सांगते. खेळाचे पत्ते म्हणून चित्रं कुठलीही चालली असती, फुलं, पक्षी, काहीही. पण त्यांनी घेतलं काय तर सम्राट, पोप, प्रेम, न्याय, संयम, नशीब, म्हातारपण, मरण, सैतान, शेवटचा निवाडा. त्या काळातल्या माणसाला भिंतीवरच्या चित्रांतून, मिरवणुकांतून, प्रवचनांतून जे रोज दिसायचं तेच. मोठं पान लहान पानाला मारतं, म्हणजे सम्राटाचं पान कितीही मोठं असलं तरी पुढे मरणाचं पान त्याला खातं, हे डाव खेळता खेळता पोरासोरांनाही कळत असणार. म्हणून गुप्त विद्या खोटी आणि शिकवण खरी. पैजेचं काय ते आपसात वाटून घ्या.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, प्रोजेक्ट आहे टॅरोमधल्या सद्गुणांवर. सर म्हणाले युरोपात चार मुख्य सद्गुण मानायचे, न्याय, धैर्य, संयम आणि विवेक. मला कार्डांत तीनच सापडले. चौथं माझं शोधायचं राहिलंय की नाहीच आहे?

शाब्बास, तू बरोबर शोधलंस. चौथं नाहीच आहे, आणि माझ्या मते टॅरोमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे, पण आधी तिघांना भेट.

जस्टिस. उजव्या हातात उभी तलवार, डाव्या हातात तराजू. कोर्टातल्या पुतळ्यासारखी डोळ्यांवर पट्टी मात्र नाही, नीट बघ, ती सरळ तुझ्याकडे बघतेय. आपण न्याय म्हटलं की समोरच्याने काय केलं त्याची यादी काढतो, तराजूच्या एकाच पारड्यात वजनं टाकत बसतो. भांडण झाल्यावर हे कार्ड समोर ठेवून दुसऱ्या पारड्यात आपला वाटा टाकून बघायचा, पाच टक्के असला तरी टाकायचा.

स्ट्रेंग्थ म्हणजे धैर्य, त्यावर पुढे एक प्रश्न आहेच.

टेम्परन्स. याचं मराठी आपण संयम करतो आणि डोळ्यासमोर येतं मन मारून बसलेलं माणूस. चित्रात तसं काहीच नाही. एक पंख असलेली व्यक्ती दोन पेल्यांतून पाणी इकडून तिकडे ओततेय, एक पाय पाण्यात, एक जमिनीवर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच योग्य प्रमाणात मिसळणं असा आहे, जुन्या काळी दारूत पाणी घालून ती सौम्य करायचे त्याचं हे चित्र. म्हणजे संयम म्हणजे पेला फेकून देणं नाही, अति तिथं माती हे ओळखून प्रमाण जमवणं. आणि ओतणं चालूच असतं, एकदा जमलं म्हणून कायमचं जमलं असं नाही. (पाणी ज्या तिरक्या रेषेत पडतंय तसं खरं तर पडू शकत नाही, पण ते पामेलाबाईंना माफ.) नंबरही बघ, 14. तेरावं मरण, पंधरावा सैतान आणि मधे ही शांतपणे पाणी ओततेय. हा क्रम कुणी काय विचार करून लावला कोण जाणे, पण मला तो फार आवडतो.

आता चौथा, विवेक, इंग्रजीत प्रुडन्स. बावीस मोठ्या कार्डांत तिचा पत्ता अक्षरशः कट झालाय. लोकांना हे इतकं खटकलं की त्यांनी तिला शोधून काढायचे प्रयत्न केले. मघाशी सांगितलेला कूर द जेबलाँ म्हणाला की हँग्ड मॅन, म्हणजे एका पायाने उलटा लटकलेला माणूस, हीच विवेक आहे, जपून पाऊल टाकणारी बाई होती आणि पत्ते बनवणाऱ्याने चुकून चित्र उलटं केलं. हे साफ चूक, इटलीत त्या पत्त्याला सरळ गद्दार म्हणायचे, तिथे फितुरांची बदनामी करायला त्यांची अशी उलटी लटकवलेली चित्रं भिंतीवर रंगवत असत. कुणी म्हणतं कंदील घेतलेला हर्मिट (एकांतात राहणारा साधू) म्हणजेच विवेक. हे त्यातल्या त्यात बरं वाटतं. फ्लॉरेन्समधे मिनकियाते नावाचा 97 पत्त्यांचा मोठा प्रकार होता त्यात मात्र ती आहे, म्हणजे लोक तिला विसरले होते असं नाही.

जुन्या युरोपियन चित्रांमधे विवेकाच्या हातात काय असतं माहितीय? आरसा. आणि बरेचदा एक साप. आता तुझ्या प्रोजेक्टमधे तू हे माझं मत म्हणून लिही, पुरावा म्हणून नको: टेबलावर तीन सद्गुण मांडलेले आहेत आणि चौथा तो डाव मांडून बसलेल्या माणसाने स्वतः आणायचाय. तो आणला नाही तर बाकीची सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर जेवढी असतील तेवढी कार्डं नुसते रंगीत कागद.

प्रश्न: मला राग लवकर येतो, आला की तोंडाला येईल ते बोलतो आणि मग दोन दोन दिवस पश्चात्ताप. बायकोच्या डेकमधून माझ्यासाठी मुद्दाम स्ट्रेंग्थ कार्ड काढून तिने फ्रिजवर लावलंय. त्यात एक बाई सिंहाचा जबडा धरून उभी आहे. मी काय समजायचं? मी सिंह आणि ती बाई?

हाहा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. पण नाही, सिंहही तुम्ही आणि बाईही तुम्हीच.

याच कार्डाचं व्हिस्कोन्ती स्फोर्झा डेकमधलं चित्र बघण्यासारखं आहे. त्यात एक गडी सोटा उगारून सिंहाला हाणायला निघालाय, हर्क्युलिस असावा. म्हणजे एक पद्धत ही, राग दाबा, ठोका, दात ओठ खाऊन गप्प बसा. तुम्ही बहुतेक हेच करत असाल आणि मग सोटा उचलायला उशीर झाला की सिंह सुटतो. 1909 च्या चित्रात बाईच्या हातात काहीच नाही, तिने फुलांची साखळी घातलीय, ती वाकून हळूच सिंहाचं तोंड मिटतेय आणि सिंहाची शेपटी खाली गेलीय. जवळ गेल्याशिवाय हे जमत नाही. राग येतोय हे तो बाहेर पडायच्या आधी आपल्याला कळायला लागतं, कान गरम होतात, आवाज चढतो, हात शिवशिवतात, प्रत्येकाची खूण वेगळी असते. ती खूण ओळखून "मी आत्ता चिडलोय, दहा मिनिटांनी बोलतो" एवढं म्हणता आलं तरी सिंहाचं तोंड मिटलं. सिंह मारायचा नाहीये हे लक्षात ठेवा, कधीतरी खरोखरच्या अन्यायावर डरकाळी फोडायला तो लागतो.

एक तांत्रिक गोष्ट, काही डेकमधे या कार्डाचा नंबर 8 असतो आणि काहींत 11. वेट यांनी जस्टिस आणि स्ट्रेंग्थची अदलाबदल केली म्हणून. नंबर बघून कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

प्रश्न: उलटं कार्ड आलं की वाईट असतं का? आणि पहिला डेक स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी गिफ्टच द्यावा लागतो हे खरं का?

नाही. आणि नाही.

प्रश्न: माझा धंदा बसला, पार्टनरने दगा दिला, त्याला दोन वर्षं झाली. ताई, मी तुमच्या म्हणण्याप्रमाणे भविष्य म्हणून नाही, नुसतं चित्र बघायला म्हणून रोज एक कार्ड काढतो. मला फाइव्ह ऑफ कप्स बघवत नाही. का ते माहीत नाही.

माहीत आहे तुम्हाला, म्हणून तर बघवत नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काळा झगा पांघरून एक माणूस मान खाली घालून उभा आहे, त्याच्या समोर तीन पेले सांडलेत. मागे दोन पेले उभे आहेत पण त्याची पाठ आहे तिकडे. समोर नदी, नदीवर पूल, पलीकडे एक वास्तू. सगळेजण या कार्डावर पटकन सांगून मोकळे होतात की मागचे दोन बघ ना, सकारात्मक राहा. मला हे ऐकलं की चीड येते. सांडले ते तीन होते, उरले ते दोन, हिशोबात तोटाच झालाय आणि ज्याचा झालाय त्याला तो मोजू द्यायला हवा. चित्रकारानेही त्या माणसाला हसताना नाही दाखवला, त्याला काळा झगा घालू दिलाय. शोक करणं ही काही अवगुणाची गोष्ट नाही.

पण दोन वर्षं झाली म्हणता. तर मी तुम्हाला पेले नाही, पूल बघायला सांगेन. तो पहिल्यापासून चित्रात आहे, कुणी येऊन बांधलेला नाही, फक्त मान खाली असल्यामुळे दिसत नाही. पार्टनरला माफ करा वगैरे मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, कायद्याने काही वसूल होणार असेल तर जरूर करा. मात्र दोन उरलेले पेले कोणते ते एकदा कागदावर नावासकट लिहा. हातातली कला, एखादा जुना गिऱ्हाईक, बहीण, तब्येत, जे असेल ते. दहा नाही लिहायचे, दोनच.

आणि कधीतरी शेजारी सेव्हन ऑफ पेंटॅकल्स (नाण्यांची सत्ती) ठेवून बघा, त्यात एक शेतकरी कुदळीवर हनुवटी टेकवून आपल्या झाडाकडे नुसता बघत उभा आहे. काम झालंय, फळाला वेळ आहे, आणि त्या मधल्या वेळात काय करायचं ते त्यालाही कळत नाहीये. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

प्रश्न: ब्रेकअपला सात महिने झाले. तो परत येईल का हे मी आधी एका रीडरला विचारलं, त्यांनी सांगितलं येईल पण अडथळा आहे, तो काढायला उपाय करावा लागेल, पैसे भरले, काही झालं नाही, मग पुन्हा पैसे भरले. आता मी स्वतः ॲपवर दिवसातून सात आठ वेळा कार्ड काढते. चांगलं आलं तर दोन तास बरं वाटतं. सगळं इतकं हुबेहूब माझ्याबद्दल कसं असतं?

हुबेहूबचं आधी. 1948 मधे बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने 39 विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला "तुझं व्यक्तिमत्त्व" म्हणून एक वर्णन दिलं. ते किती बरोबर आहे याला पाचपैकी मार्क द्यायचे होते, सरासरी चारच्याही वर आली. मग कळलं की सगळ्यांना तोच कागद दिला होता, वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. तुमच्यात बऱ्याच क्षमता आहेत ज्या तुम्ही अजून वापरल्या नाहीत, असली. कुणाला लागू पडणार नाही सांग? आपण दुखावलेले असलो की वाक्याची पोकळ जागा आपणच आपल्या गोष्टीने भरतो.

आता उपायाचं. अगं, टॅरोमधे उपाय नावाची भानगडच नाही. चित्रांचे पत्ते आहेत ते, अडथळे काढायचं यंत्र नाही. तुझ्याकडून त्यांनी दोनदा पैसे घेतले, तिसऱ्यांदा मागतील, "यावेळी शेवटचं" म्हणून मागतील. देऊ नकोस. झाल्या प्रकाराबद्दल घरी कुणाला तरी सांग, लाज वाटत असेल तरी सांग, कारण असे लोक आपल्या लाजेवरच जगतात.

डेव्हिलचं कार्ड बघितलंयस? एक बाई आणि एक बाप्या साखळीने बांधलेले. जरा निरखून बघ, गळ्यातली साखळी इतकी सैल आहे की डोक्यावरून सहज निघेल. सैतानाने त्यांना धरलेलं नाही, त्यांना साखळी आहे हे सवयीचं झालंय. दिवसातून आठ वेळा ॲप उघडणं हे ते. मी तुला दोष देत नाहीये, सात महिने वाट बघणं काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पण वर कॉलेजच्या मुलीला लिहिलंय ते वाच, तोच पत्ता कट झालाय तुझ्याकडे. पहिल्या वेळेला तू प्रश्न विचारत होतीस, आठव्या वेळेला तू फक्त हवं ते उत्तर येईपर्यंत पत्ते पिसतेयस. आरशात आठ वेळा बघितलं म्हणून चेहरा बदलत नाही.

करायचं काय? ॲप काढून टाक, आज. आणि प्रश्न बदल. "तो येईल का" या प्रश्नात तुला करण्यासारखं काहीच नाहीये, सगळं त्याच्या हातात. "तो आला नाही तर पुढच्या रविवारी मी काय करणार" हा तुझा प्रश्न. झोप, खाणं बिघडलं असेल तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही. हे तुला नीरस वाटेल, पत्त्यांतली मजा नाही यात, पण मला तुझी काळजी वाटतेय म्हणून सांगते.

प्रश्न: व्हील ऑफ फॉर्च्युन आलं की चांगले दिवस येतात ना?

चाक आहे ते, लिफ्ट नव्हे. जुन्या चित्रांत चाकावर चार माणसं असतात आणि त्यांच्या तोंडी लॅटिन शब्द: चढणारा म्हणतो मी राज्य करीन, वरचा म्हणतो मी राज्य करतोय, उतरणारा म्हणतो मी राज्य केलं, आणि खालचा म्हातारा म्हणतो माझं राज्य नाही. आपल्याकडे चार दिवस सासूचे चार दिवस सुनेचे म्हणतात तेच, फक्त लॅटिनमधे. वर असताना खालच्याशी नीट वागायचं, कारण चाक आहे.

प्रश्न: मी शिक्षिका आहे, सातवी आठवीच्या मुलांना मूल्यशिक्षण शिकवते. धडा वाचून दाखवला की मुलं जांभया देतात. टॅरोची चित्रं वापरली तर चालतील का? पालक ओरडतील अशी भीती वाटते.

चालतील, पण टॅरो म्हणून नको, चित्रं म्हणून वापरा, आणि पालकांना आधी दाखवून ठेवा म्हणजे गैरसमज नको. भविष्य हा शब्दसुद्धा वर्गात काढू नका. मोठी बावीस कार्डं तर मुळीच नको, त्यात डेव्हिल, डेथ, आणि काही चित्रांत अंगावर कपडे नाहीत, सातवीच्या वर्गात तुमचा तास तिथेच संपेल. आकड्यांची पानं घ्या. पूर्वीच्या बहुतेक डेकमधे या पानांवर नुसते पेले, नुसत्या काठ्या असायच्या, आपल्या पत्त्यांसारखं. 1491 च्या सुमाराचा सोला बुस्का नावाचा एक इटालियन डेक सोडला तर प्रत्येक पानावर प्रसंग रंगवायची पद्धत रुळली ती पामेलाबाईंमुळे, आणि त्यांना या कामाचे फारसे पैसे मिळाले नाहीत, नावही कित्येक वर्षं कुणी घेतलं नाही. हीसुद्धा मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे.

चार पानं सुचवते. एट ऑफ पेंटॅकल्स, बाकावर बसून एक कारागीर आठवं नाणं कोरतोय, झालेली बरीचशी खांबावर लावलीत, गाव लांब मागे. टेन ऑफ वाँड्स, दहा काठ्या एकदम कवटाळून चाललेला माणूस, त्याला समोरचा रस्तासुद्धा दिसत नाहीये. सिक्स ऑफ पेंटॅकल्स, एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने नाणी देणारा श्रीमंत, खाली हात पसरलेली दोन माणसं. एट ऑफ स्वोर्ड्स, डोळे बांधलेली बाई, भोवती आठ तलवारी, पण पाय मोकळे आहेत आणि समोरच्या बाजूला एकही तलवार नाही.

अर्थ तुम्ही सांगू नका. चित्र फळ्यावर लावा आणि विचारा, याच्या आधी काय झालं असेल आणि हा आता काय करेल. एका मैत्रिणीच्या वर्गात मी सिक्स ऑफ पेंटॅकल्स घेऊन गेले होते. मला वाटलं मुलं दानाबद्दल बोलतील. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, मॅडम, त्याने तराजू कशाला धरलाय, द्यायचंय तर देऊन टाक ना. दुसरी म्हणाली, नाही, दोघांना सारखं द्यायचं असेल म्हणून. त्यावरून जे भांडण जुंपलं ते घंटा झाली तरी थांबेना, आणि तराजू कशासाठी आहे हे मला अजूनही नक्की ठरवता आलेलं नाही.